चाकूचे पान सपाट करण्यासाठी डिस्क ग्राइंडर: घरघंटीची मोटर चालेल का?

प्रश्न (औसा, जि. लातूर)

नमस्कार. आमच्या घरी लोहारकामाची भट्टी आहे. वडील विळे, खुरपी आणि ऊसतोडीचे कोयते करतात. गेल्या दोन वर्षांपासून त्याच भट्टीवर मी स्वयंपाकघरातील चाकू करू लागलो आहे. पोलाद म्हणून ट्रकचे जुने कमानपाटे वापरतो, पाणी (तापलेले पान झटकन थंड करून कडक करणे) तेलातच देतो आणि त्यानंतर घरच्या ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन-दोन तास असे दोन वेळा टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा हलके तापवणे) करतो.

माझी अडचण घासकामाची आहे. एजी-फोर हँड ग्राइंडर, त्याच्या फ्लॅप डिस्क, एक बेंच ग्राइंडर आणि कानशी एवढेच साहित्य माझ्याकडे आहे. कोयत्याच्या पानावर लहानमोठ्या लाटा राहिल्या तरी काम अडत नाही, कारण ऊस घावाच्या जोराने तुटतो. परंतु चाकूच्या पानावर तशाच लाटा राहिल्या की बटाट्याची चकती सरळ उतरत नाही, पान एका अंगाला ओढले जाते. दुसरी अडचण मुठीची आहे. मुठीत जाणारी पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना बसणाऱ्या बाभळीच्या फळ्या डोळ्यांना सपाट दिसतात, पण रिव्हेट ठोकल्यावर मध्ये केसाएवढी फट राहते, तिच्यात पाणी शिरते आणि काही महिन्यांत गंजाची काळी रेघ उमटते. गावातल्या एका काकूंनी असा चाकू परत आणून दाखवला, तेव्हापासून हे दुरुस्त केल्याशिवाय पुढचा चाकू विकायचा नाही असे मी ठरवले आहे.

सपाट चकतीवर घासकागद चिकटवून त्यावर पान घासण्याच्या यंत्राबद्दल, म्हणजे डिस्क ग्राइंडरबद्दल, मी ऐकले आहे. आमच्याकडे बंद पडलेल्या घरघंटीची १ हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर आहे, पाटीवर १४४० फेरे लिहिले आहेत. ती चालेल का? की एजी-फोर उलटा करून टेबलाला बांधला आणि त्यालाच मोठी चकती लावली तरी भागेल? चकती किती इंची घ्यावी, आणि धारेचा उतारही तिच्यावरच काढता येतो का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ (वाळूज, छत्रपती संभाजीनगर)

मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत अनेक वर्षे लेथवर काम केले आहे आणि सुटीच्या दिवशी चाकू करतो, म्हणून यंत्राच्या बाजूने लिहितो. घासण्याच्या पद्धतीबद्दल माझ्याहून जाणकार लोक येथे आहेत.

सर्वात आधी एजी-फोरचा विचार पूर्णपणे सोडून द्या. त्या यंत्राचा वेग मिनिटाला साधारण ११,००० फेरे असतो. त्याच्या स्वतःच्या १०० मिलिमीटरच्या चाकाची कडा त्या वेगाने सेकंदाला सुमारे ५७ मीटर धावते, आणि ते चाक तेवढ्या वेगासाठी तपासून बनवलेले असते. त्याच अक्षावर तुम्ही घरी कापलेली ९ इंची चकती बसवली तर तिची कडा सेकंदाला १३० मीटरच्या पुढे जाईल. चकती किंचित जरी एका बाजूला जड असली तरी ती तेथे टिकणार नाही, आणि ती सुटली तर समोर उभ्या असलेल्या माणसाला बाजूला होण्याइतका वेळ मिळणार नाही. हे मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही; फुटलेल्या चाकाचा तुकडा पत्र्याच्या कपाटातून आरपार गेलेला मी पाहिला आहे.

चकती ९ इंची ठेवावी, याचे कारण अगदी व्यवहारी आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा घासकागदाचा सुटा ताव ९ इंच बाय ११ इंच असतो, त्यामुळे एका तावात नेमकी एक चकती निघते आणि लातूरमध्ये काय, औशात काय, कागदासाठी अडून बसावे लागत नाही. चकती ॲल्युमिनियमची करून घ्या. १२ मिलिमीटर जाडीची ९ इंची ॲल्युमिनियमची चकती सव्वा ते दीड किलोची होते, तर तीच बिडाची केली तर साडेतीन किलोच्या पुढे जाते, आणि तेवढा भार मोटरच्या बेअरिंगवर एका टोकाला लटकत ठेवणे बरे नाही. टर्नरला एक गोष्ट आवर्जून सांगा: आधी मागचा हब (शाफ्टवर बसणारा भाग) आणि भोक पूर्ण करावे, मग चकती त्याच मापाच्या शाफ्टवर चावी (खाचेत बसणारी पट्टी) व ग्रब स्क्रूने (बाजूने आवळायच्या बिनडोक्याच्या स्क्रूने) कसून बसवावी आणि शेवटचा फेसिंगचा (तोंड सपाट कापण्याचा) हात त्याच बसणीत फिरवावा. चकती वेगळी आणि शाफ्ट वेगळा पकडून केलेले काम डायल (डोलणे मोजणारा काट्याचा गेज) लावल्यावर हमखास डोलते, आणि डोलणारी चकती पान सपाट करत नाही, ठोकत राहते. डायलचा काटा कडेजवळ ०.०५ मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे.

आता मोटर. घरघंटीची मोटर चालणार नाही असे नाही, पण तिच्या थेट शाफ्टवर चकती लावू नका. १४४० फेऱ्यांना ९ इंची चकतीची कडा सेकंदाला १७ मीटर धावते. लाकडाच्या ओबडधोबड कामाला हे चालेल, पाणी दिलेल्या पातळ पानाला हा वेग फार आहे. वेग कमी करण्यासाठी डिमर लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. अशा मोटरमध्ये सुरुवातीची वाइंडिंग सोडवणारा सेंट्रिफ्युगल स्विच बहुधा असतो. वेग पुरेसा चढला नाही तर तो सुटत नाही आणि वाइंडिंग जळून जाते. त्याऐवजी दोन प्लमर ब्लॉकमध्ये (बेअरिंगच्या बैठकीत) वेगळा शाफ्ट बसवून मोटरवर २ इंची आणि शाफ्टवर ४ इंची पुली घातली तर सुमारे ७२० फेरे मिळतात. दुसरी काळजी म्हणजे घरघंटीच्या मोटरचे अंग अनेकदा जाळीदार, उघडे असते. पोलादाची धूळ आत गेली की ती मोटर फार दिवस राहत नाही, त्यामुळे मोटर टेबलाखाली, धुळीपासून दूर ठेवावी.

खर्च झेपत असेल तर भंगारातून १ हॉर्सपॉवरची, चार पोलची, पूर्ण बंद अंगाची थ्री फेज मोटर शोधा आणि तिला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे विजेचे उपकरण) जोडा. घरच्या २३० व्होल्ट सिंगल फेजवर चालून थ्री फेज देणारी व्हीएफडी मिळते, त्यामुळे शेतीच्या थ्री फेज विजेच्या वेळापत्रकावर अवलंबून राहावे लागत नाही. मात्र ही व्हीएफडी २३० व्होल्टचेच थ्री फेज देते, आणि आपल्याकडची लहान मोटर ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये (वाइंडिंगच्या एका प्रकारच्या जोडणीत) जोडलेली असते. विकत घेण्यापूर्वी टर्मिनल पेटी उघडून पाहा. सहा टोके बाहेर काढलेली असतील तर ती मोटर डेल्टा या दुसऱ्या जोडणीत बदलून २३० व्होल्टवर पूर्ण ताकदीने चालते. तीनच टोके असतील तर ती सोडून दुसरी पाहा. अर्थिंग पक्के करा आणि व्हीएफडी बंद पेटीत, भिंतीच्या पलीकडे ठेवता आली तर उत्तमच, कारण पोलादाची बारीक धूळ तिच्या आतल्या सर्किटवर बसली की शॉर्ट होते.

उत्तर २ (नांदेड)

वरील उत्तर यंत्राच्या दृष्टीने परिपूर्ण आहे. मी दहा वर्षांपासून चाकू करतो आहे आणि या यंत्राचा उपयोग नेमका कशासाठी करावा हे मला उशिरा समजले, म्हणून त्याविषयी लिहितो.

डिस्क ग्राइंडर हे माल काढण्याचे यंत्र नाही. कमानपाट्याची सात-आठ मिलिमीटरची जाडी उतरवणे, धारेचा उतार पहिल्यापासून काढणे ही कामे भट्टी, घण, एजी-फोर आणि असल्यास बेल्ट ग्राइंडरची आहेत. डिस्कचे काम त्यानंतर सुरू होते: जे जवळजवळ सपाट आहे ते खरोखर सपाट करणे. तुमच्या दोन्ही तक्रारी, पानावरच्या लाटा आणि मुठीतली फट, या नेमक्या तिच्याच कामात मोडतात, त्यामुळे तुम्ही योग्य यंत्राचा विचार करत आहात. उतारही तिच्यावर नीट करता येतो, पण तो आधी फ्लॅप डिस्कने आणि कानशीने नव्वद टक्के काढलेला असला पाहिजे.

हे यंत्र वापरणाऱ्याने एक गोष्ट हातात मुरवली पाहिजे, ती म्हणजे चकतीवर प्रत्येक ठिकाणचा वेग वेगळा असतो. ७०० फेऱ्यांना कडा सेकंदाला सुमारे ८.४ मीटर धावते, मध्यापासून ५० मिलिमीटरवर तोच वेग ३.७ मीटर होतो आणि अगदी मध्यबिंदूवर तो शून्य असतो. त्यामुळे एखादी पट्टी तुम्ही चकतीवर स्थिर धरली, तर तिचे कडेकडचे टोक जास्त झिजते, मध्याकडचे कमी, आणि सपाट करायला घेतलेली पट्टी पाचरीसारखी होऊन बाहेर येते. बेल्टवर काम केलेल्या हाताला ही सवय नसते. तुकडा मध्य आणि कडा यांच्या दरम्यान सतत हलता ठेवावा, दाब त्याच्या मध्यावर बोटांनी समान द्यावा, आणि दर काही हातांनी त्याचे डावे टोक उजवीकडे करावे. घासण्यापूर्वी संपूर्ण पृष्ठभागावर मार्करने रेघोट्या मारा. जेथे शाई राहिली तेथे खोलगट आहे, हे अनुमान डोळ्यांपेक्षा भरवशाचे आहे.

चकतीची कोणती बाजू वापरायची हेही महत्त्वाचे आहे. समोरून पाहताना चकती घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असेल तर तिची डावी बाजू खाली येते, आणि काम नेहमी खाली येणाऱ्या बाजूवरच करावे, म्हणजे तुकडा टेकूवर दाबला जातो. दुसऱ्या बाजूवर तो उचलला जाऊन तोंडाकडे येतो. टेकू आणि चकती यांच्यातील फट २ मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवू नये, अन्यथा पानाचे टोक त्यात शिरते. व्हीएफडीचा मोठा लाभ येथेच आहे: बटण फिरवून दिशा उलट करता येते, त्यामुळे पानाच्या दोन्ही अंगांचा उतार जेथे सुरू होतो ती रेघ दोन्हीकडे सारखी आणता येते, एकदा डाव्या बाजूवर आणि एकदा उजव्या बाजूवर. दिशा उलट करत असाल तर चकती केवळ आट्यांवर बसवलेली नसावी, चावी आणि ग्रब स्क्रू हवाच.

टर्नरकडे जाणारच असाल तर चकतीची एक बाजू सरळ आणि दुसरी मध्यापासून कडेकडे एक अंश उतरती करून घ्या. उतरत्या बाजूवर तुकडा एका वेळी एकाच त्रिज्येच्या रेषेवर टेकतो, बाकीचा अधांतरी राहतो. त्यामुळे लांब पान मध्याच्या पलीकडे गेले तरी पलीकडची वर जाणारी बाजू त्याला पकडत नाही. मुठीच्या फळ्यांसाठी सरळ बाजू आणि पानासाठी उतरती बाजू, असा माझा क्रम आहे.

पाणी दिलेल्या पानाबाबत मात्र मी अतिशय कडक आहे. वेग ५०० फेऱ्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी, कागद नवा, हात उघडा, आणि प्रत्येक हातानंतर पान पाण्याच्या बादलीत. तुम्ही २०० अंशांवर टेम्परिंग करता म्हणजे पानावर फिकट पिवळा रंग येतो. घासताना धारेजवळ तपकिरी रंग दिसला तर तेथे पोलाद २५० अंशांच्या पुढे गेले आहे, आणि निळा दिसला तर ३०० अंशांच्या आसपास पोहोचले आहे. तेवढ्या जागेचे पाणी उतरले, आणि रंग घासून काढल्याने ते परत येत नाही. जुना, गुळगुळीत झालेला कागद वाचवण्याच्या नादात पान जळते. माझी सुरुवातीची पाच-सहा पाने अशीच गेली, आणि ती कोणाच्या स्वयंपाकघरात जाऊ नयेत म्हणून मी स्वतः तोडली. व्हीएफडीवर फार कमी वेगाने तासन्‌तास काम करू नये हेही लक्षात ठेवा, कारण मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो आणि शाफ्ट मंदावला की मोटरला वारा मिळत नाही.

धार लावलेले पान डिस्कवर न्यायचेच नाही. सपाटीचे सर्व काम धार ०.३ ते ०.५ मिलिमीटर जाड असतानाच संपवायचे. हातमोजे घालू नयेत, कारण सैल कापड चकतीत ओढले जाते. लहान तुकडा चुंबकाच्या ठोकळ्याने धरावा. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर एन-९५ मास्क हवा. पोलाद आणि लाकूड यांची धूळ एकाच डब्यात जमू देऊ नका, कारण भुशात पडलेली ठिणगी तासाभराने पेट घेऊ शकते.

उत्तर ३ (परभणी)

वरील दोन्ही मान्यवरांचा आदर राखून मी थोडे वेगळे मत मांडतो. वर्षाला वीस-पंचवीस चाकू करणाऱ्या माणसाला हे यंत्र आवश्यकच आहे असे मला वाटत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्याचे काम करणाऱ्यांकडे पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचे उरलेले तुकडे पडून असतात. हातभर लांबीचा एक तुकडा आणा, त्यावर ८० नंबरचा कागद चिकटवा आणि मुठीची पट्टी व फळ्या त्यावर हाताने घासा. फळीची एक बाजू दहा मिनिटांत अशी बसते की दोन्ही तुकडे एकत्र धरल्यावर उजेड पलीकडे दिसत नाही. शहाबादी फरशी मात्र घेऊ नका, ती घोटलेली असली तरी सपाट नसते.

पानाच्या उतारासाठी पाणी देण्यापूर्वी कानशीला कोन बांधून देणारा लाकडी साचा करता येतो. वेळ लागतो, हे मान्य आहे. परंतु वीज जाण्याची चिंता नाही, पान जळत नाही, आणि सपाटी म्हणजे काय हे हाताला कळते. ते एकदा कळले की नंतर यंत्र घेतल्यास तेही चांगले चालवता येते.

उत्तर ४ (नांदेड)

परभणीच्या दादांशी मी बराचसा सहमत आहे, आणि ग्रॅनाइटचा तुकडा माझ्याकडेही आहे, कारण शेवटची तपासणी मी त्यावरच करतो. फरक पाणी दिल्यानंतरच्या कामात पडतो. कानस तेथे चालत नाही, आणि पाणी देताना पान थोडे जरी वाकले तरी ग्रॅनाइटवर हाताने ती वाकण काढायला पूर्ण दिवस जातो. डिस्कवर ८०, १५०, २४० आणि ४०० असे कागद क्रमाने वापरल्यावर पुढचा हाताचा घासकागद अर्ध्या तासाचा राहतो.

प्रश्नकर्ता (औसा)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून मी घाई केली नाही. आधी लातूरहून ग्रॅनाइटचा तुकडा आणला आणि महिनाभर त्यावरच काम केले. मुठीची फट त्यानेच जवळजवळ बंद झाली. दरम्यान भंगारात सहा टोकांची १ हॉर्सपॉवरची मोटर मिळाली. वायरमन काकांकडून ती डेल्टामध्ये जोडून घेतली, व्हीएफडी लावली आणि लातूरच्या औद्योगिक वसाहतीतून चकती करून आणली, एक बाजू सरळ आणि एक बाजू एक अंशाची. मी ती व्हीएफडीवर २० ते २५ हर्ट्झवर, म्हणजे पूर्ण वेगाच्या (५० हर्ट्झच्या) साधारण निम्म्यावर, चालवतो. पानावरच्या लाटा गेल्या. वडिलांनी पान उजेडाला आडवे धरून बराच वेळ पाहिले आणि बेअरिंगच्या पोलादाचा राखून ठेवलेला तुकडा पुढच्या चाकूसाठी मला दिला.

तीन अडचणी राहिल्या आहेत. मुठीची पट्टी व्हर्नियरने मोजली तर मागच्या टोकाला ०.३ मिलिमीटरने पातळ निघते. बाभळीच्या फळ्यांच्या कडा किंचित गोल होतात. कागद लवकर बदलता यावा म्हणून मी वेल्क्रोची गादी लावली आहे. आणि संध्याकाळी अगदी सपाट केलेली फळी सकाळी पुन्हा वाकलेली दिसते.

उत्तर ५ (वाळूज)

वेल्क्रो काढून टाका. तिची गादी दबते आणि फळीची कड तिच्यात रुतते, म्हणून ती गोल होते. चकतीच्या धातूवर कागद थेट चिकटला पाहिजे. रबरी सोल्यूशनचा अगदी पातळ थर द्या, तो पूर्ण वाळू द्या आणि मगच यंत्र सुरू करा, कारण ओल्या सोल्यूशनची वाफ ठिणगीने पेटते. कागद काढताना हेअर ड्रायरने चकती कोमट केली की तो अखंड निघतो आणि खाली गुठळ्या राहत नाहीत. गुठळी राहिली तर पुढचा कागद तेथे उंच बसतो आणि डायल लावून केलेली सगळी मेहनत वाया जाते.

उत्तर ६ (नांदेड)

पट्टीचे मागचे टोक नेहमी कडेकडे राहत असणार. पान हातात धरण्याच्या सोयीमुळे तसे होते. चार हात या बाजूने झाले की पान फिरवून चार हात त्या बाजूने, हे मोजून करा आणि मध्येमध्ये व्हर्नियर लावा. आठवड्यात सवय होईल.

फळीचे कारण वेगळे आहे. चकतीच्या उष्णतेने तिची एक बाजू सुकते, दुसरी तशीच राहते, आणि रात्रीतून ती सुकलेल्या बाजूकडे वाकते. बाभूळ कापल्यानंतर किमान वर्षभर सावलीत सुकलेली असावी. फळी दोन्ही बाजूंनी सारखी घासा, जाडी अर्धा मिलिमीटर जास्त ठेवून दोन दिवस उभी करून ठेवा, आणि चिकटवण्याच्या दिवशीच ८० नंबरच्या नव्या कागदावर अगदी हलका शेवटचा हात द्या. सपाटी जमली की लोक फळीची आतली बाजू गुळगुळीत करतात आणि शिकंजा आवळल्यावर सगळे इपॉक्सी बाहेर निघून जाते. म्हणून आतली बाजू खरबरीतच ठेवा, कडेपासून पाच-सहा मिलिमीटर जागा सोडून मध्ये दहा-बारा उथळ भोके पाडा आणि शिकंजा हलकाच आवळा.